स्वतःच्या शेतात ४० बाय ६० फुटांचे पत्र्याचे शेड : पाया, वारा, ऊन आणि कागदपत्रे

पायथा
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शेती आहे. विहिरीजवळ मुरमाड चढाचा एक तुकडा पडीक आहे. त्यावर ४० बाय ६० फुटांचे लोखंडी शेड उभारायचे घरात नक्की झाले आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ठिबकच्या नळ्यांची बंडले त्यात राहतील, मका व हरभरा पोत्यांत राहील, आणि केळी काढणीच्या दिवसांत एका बाजूस फण्या धुऊन खोक्यांत भरण्याचे काम चालेल.

दोन दरपत्रके हाती आहेत. पहिले तालुक्याच्या गावातील फॅब्रिकेटरचे असून त्यात अँगलच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, चौकोनी पाइपचे खांब आणि किलोवर दर आहे. पायासाठी तो दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डे पुरेसे मानतो. दुसरे कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या बोल्टच्या सांगाड्याचे, म्हणजे पीईबीचे आहे. त्यात नकाशे व हिशेब मिळणार आहेत, परंतु पाया आपला आपण करायचा आहे. गाडी थेट आत यावी म्हणून पश्चिमेची रस्त्याकडील बाजू पूर्ण उघडी ठेवून उरलेल्या तीन बाजूंना पत्रा लावण्याचा माझा विचार आहे. गेल्या रोहिणीच्या वादळात आमच्याच शिवारातील एका शेडचे छप्पर पर्लिनसकट, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी दांड्यांसकट, शेजारच्या बागेत जाऊन पडले, त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी धास्तावली आहेत. पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

रेखाचित्र
पायथाभाऊ, मी धुळ्याकडे संरचना अभियंता म्हणून काम करतो. तुमच्या प्रश्नातील दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर थांबावेसे वाटले : दोन फुटांचे खड्डे आणि पश्चिमेची उघडी बाजू.

पत्र्याच्या शेडला स्वतःच्या वजनाचा धोका फारसा नसतो, कारण पत्रे, पर्लिन आणि कैच्या मिळून चौरस मीटरला वीस-पंचवीस किलोच भरतात. खरा भार वाऱ्याचा, आणि तो छपराला वर उचलतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात, ज्याची सुधारित आवृत्ती २०१५ ची आहे, देशाचे वाऱ्याच्या मूळ वेगानुसार सेकंदाला ३३ ते ५५ मीटर असे सहा पट्टे केले आहेत. नाशिकसाठी त्यात ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर हा वेग दिला आहे. तोच येथे नमुन्यादाखल धरू. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दाब मिळतो. तो ९१२ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो.

आता उघड्या बाजूचा मुद्दा. चारी बाजूंनी नीट बंद असलेल्या शेडमध्ये आतील दाबाचा गुणक ०.२ धरतात; भिंतीत मोठी उघडीक असेल, तर तोच ०.७ होतो. वारा उघड्या बाजूने आत शिरतो, त्याला मागे वाट नसते, आणि तो छपराला आतून ढकलतो, तर त्याच वेळी बाहेरचा वारा छपराला वरून ओढत असतो. छत्री उलटी होते ती याच रीतीने. मानकातील सवलतीचे गुणक लावूनही, तुमच्यासारख्या कमी उताराच्या छपरावर बंद शेडला चौरस मीटरमागे सरासरी ७० किलो आणि एक बाजू उघडी असलेल्या शेडला १०० किलोच्या आसपास उचल येते.

खांबांमध्ये १५ फुटांचे अंतर धरले, तर एका मधल्या कैचीच्या वाट्याला ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर छप्पर येते. उघड्या शेडमध्ये त्यावर ५,६०० किलोची उचल होईल, लोखंडाचे वजन १,२०० किलो वजा जाईल, आणि उरलेल्या ४,४०० किलोपैकी निम्मी, म्हणजे २,२०० किलोची ओढ प्रत्येक खांबावर येईल. दोन फुटांच्या खड्ड्यात आठ घनफूट काँक्रीट मावते आणि त्याचे वजन साडेपाचशे किलोदेखील भरत नाही. यात सुरक्षिततेचा गुणक अजून धरलेलाच नाही. शेजारच्या बागेत गेलेले छप्पर पर्लिनसकट गेले याचा अर्थ पत्र्याचे स्क्रू टिकले आणि पर्लिनचा कैचीशी असलेला जोड सुटला. तोही जोड टिकला असता, तर पुढची पाळी पायाची होती.

तेव्हा पहिला पैसा जमिनीत घाला. खड्डा साडेचार ते पाच फूट खोल घ्यावा, तळाशी सुमारे चार फूट चौरस सळईयुक्त पाया, त्यावर बेस प्लेटपर्यंत, म्हणजे लोखंडी खांबाच्या तळाच्या जाड प्लेटपर्यंत, काँक्रीटचा खांब, आणि वर परत भरलेली, थराथराने ठोकलेली माती. त्या मातीचे वजनही खांबाला धरून ठेवते, आणि लहान खड्ड्यात नेमका हाच फायदा हातचा जातो. अचूक मापे मात्र तुमच्या जागेवर पाहणी करून अभियंत्यानेच ठरवावीत. वरील गणित केवळ भाराचा अंदाज यावा म्हणून दिले आहे.

कापूसकोंडा
रेखाचित्र यांनी मुरमाड जागेचे गणित सांगितले. आमच्याकडे पारोळा-अमळनेर पट्ट्यात काळी माती आहे, तिथे याखेरीज आणखी एक दुखणे असते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया त्या मातीबरोबर वर-खाली होतो, एका कोपऱ्याचा खांब कलतो आणि शटर अडकू लागते. पायाखाली काळी माती राहू न देता मुरूम लागेपर्यंत खोदणे हा साधा उपाय आहे. माती फारच खोल असेल, तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घेतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेली ही पद्धत आहे, आणि तो फुगवटा वाऱ्याच्या उचलीलाही तितकाच उपयोगी पडतो. फरशीखालची काळी मातीही काढून तिथे मुरमाचा थर दाबावा, नाहीतर खांब जागेवर राहतात आणि फरशी मात्र उचलते.

वेल्डिंगवाला
भाऊ, मी एरंडोलजवळ फॅब्रिकेशनचे काम करतो, म्हणून माझे मत थोडे एका बाजूचे वाटेल. पीईबी म्हणजे चांगले आणि गावातला वेल्डर म्हणजे कच्चे, असे सरसकट समजू नये. ४० फुटांच्या रुंदीला अँगलची कैची उत्तम काम देते, दुरुस्तीला तिला गावातच माणूस मिळतो, आणि पुढे शेड वाढवायचे झाल्यास जोड देणे सोपे जाते. फरक पडतो तो नकाशाचा. अभियंत्याच्या सहीचा नकाशा असेल, तर दोन्ही पद्धती चालतात. नसेल, तर दोन्हींत धोका आहे. स्वतंत्र अभियंत्याकडून नकाशा करून घ्या आणि तोच दोघांना देऊन पुन्हा दर मागवा, म्हणजे एकाच मालाची तुलना होईल.

किलोवर दर ठरला असेल, तर माल उतरण्यापूर्वी भरलेल्या आणि नंतर रिकाम्या गाडीची काटा-पावती घ्यावी, आणि कापून उरलेले तुकडे कोणाचे, हे आधीच लिहून घ्यावे. निम्मे वाद या तुकड्यांवरून होतात.

पत्रा घेताना ०.५० हा आकडा ऐकून समाधान मानू नका. तो बहुधा टीसीटी असतो, म्हणजे जस्त आणि रंग धरून एकूण जाडी. आतील पोलादाची जाडी, जिला बीएमटी म्हणतात, ती त्याहून कमी भरते. दरपत्रकावर बीएमटी किती, लेप चौरस मीटरला किती ग्रॅमचा आणि निव्वळ जस्ताचा की जस्त-ॲल्युमिनियमचा, हे तिन्ही लिहून मागावे. विकणारा ते लिहून देण्यास का-कू करत असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

आता बांधणीच्या वेळी उन्हात उभे राहून पाहण्याच्या दोन गोष्टी. स्क्रूखाली काळ्या रबराचा वायसर असतो. कारागीर मशीन दाबून धरतो, तेव्हा तो वायसर चेपून लोखंडी टोपीच्या बाहेर फुगून येतो. असा वायसर आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतो आणि त्या भोकाखाली पत्र्यावर तांबड्या गंजाचा ओघळ दिसू लागतो. रबर टोपीच्या काठापर्यंत आले की मशीन थांबले पाहिजे. दुसरे असे की, पत्रा ग्राइंडरने कापला की तापलेला बारीक कीस रंगावर चिकटतो आणि पहिल्याच पावसानंतर संपूर्ण छपरावर तपकिरी ठिपके उठतात, मग गिऱ्हाईक पत्रा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडत बसते. कापणे निब्लरने, म्हणजे ठिणगी न पाडता पत्रा कातरणाऱ्या यंत्राने, किंवा पत्रा-कात्रीने करावे, आणि कीस पडलाच तर त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढावा.

वाऱ्याची ओढ छपराच्या कडांना, मोभाला आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. तिथल्या पर्लिनवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. मधल्या भागात एक सोडून एक चालतो. पर्लिन कैचीला नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडू नये, क्लीट, म्हणजे अँगलचा छोटा तुकडा, लावून बोल्टने आवळावी. रेखाचित्र यांनी ज्या छपराविषयी लिहिले आहे, तिथे टाकेच असणार, असा माझा कयास आहे.

पायथा
सर्वांचे आभार. रेखाचित्र यांचे गणित घरी वाचून दाखवले आणि दोन फुटांच्या खड्ड्याचा विषय तिथेच मिटला. आता पश्चिमेची बाजू पत्र्याने बंद करून मध्ये १४ फुटांचे रोलिंग शटर लावावे असे ठरते आहे. मग शेड बंद धरून हिशेब केला तर चालेल ना? तसेच, चारी बाजू बंद झाल्यावर मे महिन्यात आत माणूस उभा राहील का, अशी शंका वडिलांनी काढली आहे.

रेखाचित्र
शटर बंद असेल तोवर शेड बंद आहे. परंतु दुपारी गाडी आत असताना वादळ उठले, तर शटर उघडेच असते. आणि बंद असले, तरी मोठ्या वाऱ्यात शटरच्या पट्ट्या वाकून बाजूच्या खोबणीतून निसटतात. त्यानंतर शेड उघडेच झाले. म्हणून पाया, बोल्ट आणि पर्लिनचे जोड एक बाजू उघडी आहे असे धरूनच करून घ्यावेत. शटरला वाऱ्याचे कुलूप, म्हणजे खोबणीत अडकणारे टोक असलेल्या पट्ट्या मिळतात, त्या घ्याव्यात. यामुळे पायाच्या काँक्रीटचा खर्च थोडा वाढेल. रंग आणि मापाच्या हौशीवर होणाऱ्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

तिरपे बांधणीचे रॉड, म्हणजे ब्रेसिंग, दोन्ही टोकांच्या गाळ्यांत, म्हणजे दोन कैच्यांमधल्या जागेत, छपरातही आणि भिंतीतही हवेत. अनेक शेडांत ते भिंतीतून वगळले जातात, कारण तिथे ट्रॅक्टरला अडचण होते. अडचण होत असेल, तर त्या जागी कमानीची चौकट करता येते, पण ब्रेसिंग वगळून चालत नाही.

कापूसकोंडा
उन्हाचे उत्तर मी देतो, कारण पत्र्याखाली कापूस भरण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि तेव्हा गडद रंगाचा पत्रा हात लावू देत नाही. आपल्याकडे निळ्या-हिरव्या पत्र्याची आवड आहे. छपराला मात्र पांढरा किंवा फिका करडा पत्राच घ्यावा, तो ऊन परतवतो. निळ्याची हौस भिंतींवर भागवावी. वळचणीची उंची १४ ते १६ फूट ठेवावी, मोभाला वायुवीजनाची फट द्यावी, आणि भिंतीचा पत्रा खाली तीन फूट विटांच्या बांधकामावरून सुरू करून वर वळचणीखाली फूटभर जाळी सोडावी. तप्त हवा वर जाते, खालून थंड हवा येते, पंखा लागत नाही. नुसते टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छपरावरचे वाऱ्याने फिरणारे गोळे, बसवून खालून हवा येण्यास वाट ठेवली नाही, तर ते फिरताना छान दिसतात एवढेच. या जाळीच्या फटी अभियंत्याला आधीच सांगाव्यात, कारण आतील दाबाच्या हिशेबात त्याही येतात.

पत्र्याखाली ॲल्युमिनियमचा बबल, म्हणजे हवेचे फुगे असलेला चकचकीत थर, लावल्यास आणखी एक लाभ होतो. पौषात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, पत्रा गार पडतो, आणि आतील दमट हवेचे पाणी त्याच्या खालच्या बाजूला साचून पहाटे थेंब-थेंब पोत्यांवर पडते. पुष्कळांना वाटते, छप्पर गळते. तुमच्याकडे केळी धुण्याचे पाणी आत राहणार असल्याने हा त्रास अधिक होईल; धुण्याची जागा मक्याच्या थप्पीपासून दूर ठेवा.

आणखी एक सांगणे : कापूस, सुका चारा किंवा रिकामी पोती आत आल्यानंतर छपराखाली वेल्डिंगचे काम काढू नये. सरकीसकट कापसात ठिणगी आत आत धुमसत जाते आणि तासाभराने वर येते, तोवर वेल्डर घरी गेलेला असतो.

सातबारा
महसूल खात्याच्या कामाशी माझा बराच संबंध आला असल्याने कागदपत्रांविषयी लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेत इमारत' ही संज्ञा आहे. शेतीची अवजारे, खत, चारा किंवा शेतमाल साठवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, तसेच धारकाच्या कुटुंबाच्या वा गड्यांच्या राहण्यासाठी शेतजमिनीवर उभारलेले बांधकाम तिच्यात येते, आणि कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला असे बांधकाम करण्याचा हक्क आहे. शहरांच्या हद्दीलगतच्या ठरावीक पट्ट्यांत मात्र त्यासाठी परवानगी लागते. तुम्ही स्वतःचा माल ठेवता, तोवर हे शेत इमारतीत बसते. तेच शेड व्यापाऱ्याला भाड्याने दिले किंवा त्यात इतरांच्या मालावर प्रक्रिया सुरू केली, तर अकृषिक वापराचा प्रश्न उभा राहतो. अर्ज करताना शेडचा वापर स्पष्ट लिहावा आणि पोचपावती जपावी.

जमीन सामाईक सातबाऱ्यावर असेल, तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. भाऊबंदकीत शेडचा पाया खोदला की जुने हिशेब वर येतात, हे सांगायला नको. बांधाबद्दल थोडीही शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून मगच खुणा घालाव्यात. रस्त्याचे अंतरही पाहावे : राष्ट्रीय महामार्गालगतच्या मोकळ्या शेतजमिनीत रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा, जिच्या आत बांधकाम करता येत नाही, आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा, जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात, मानली जाते, आणि सुरत-नागपूर महामार्गालगत शेड टाकू पाहणाऱ्यांची नेहमी इथेच अडचण होते. आपल्या शेतावरून ११ केव्हीची तार जात असेल, तर इमारतीपासून ती आडवी किमान १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर हवी. लोखंडी पर्लिन उचलताना याहूनही अधिक मोकळी जागा लागते, म्हणून तारेजवळ काम असेल त्या दिवशी वीज कंपनीकडून पुरवठा रीतसर बंद करून घ्यावा.

केळीबाग
पायथादादा, रावेर भागातील आमच्या पॅकिंग शेडच्या अनुभवावरून लिहिते. फरशी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच ठेवा आणि धुण्याच्या टाक्यांच्या बाजूला तिला उतार द्या. केळीच्या चिकाचे पाणी खांबांच्या बेस प्लेटपाशी साचले, तर रंग कितीही चांगला असला तरी खांब तळाशीच गंजतो. त्यासाठी बेस प्लेट फरशीच्या वर सहा इंच काँक्रीटच्या ओट्यावर घ्यायला सांगा. पीईबीवाले हे आपणहून करत नाहीत.

कर्ज काढणार असाल, तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याज सवलत मिळते. पात्र कामांत गोदाम आणि पॅक हाऊस दोन्ही आहेत. अनुदानाची योजना घेत असाल, तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या संकेतस्थळावर, अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत कुदळ मारू नका. आधी बांधले आणि मग अर्ज केला, तर प्रस्ताव मागे येतो. पॅक हाऊसचे योजनेतील माप नऊ बाय सहा मीटर आहे, त्यामुळे मोठ्या शेडमध्ये तेवढा भाग नकाशावर वेगळा दाखवावा लागतो.

छपरावर पुढे सौर पॅनेल लावण्याचा विचार असेल, तर आत्ताच रेखाचित्र यांच्यासारख्या अभियंत्याच्या कानावर घाला. पॅनेल आणि त्याची चौकट मिळून चौरस मीटरला १२ ते १५ किलो भार येतो, आणि त्यांखालून वारा शिरतो, तो वेगळाच.

पायथा
ताई, बेस प्लेटचा ओटा आणि पूर्वसंमती या दोन्ही गोष्टी आमच्या यादीत नव्हत्या. तारेचे अंतर आजच मोजले, ते पुरेसे आहे. अभियंता ठरला आहे आणि त्याच्या नकाशावर दोघांकडून पुन्हा दर मागवले आहेत. आता काम कधी काढावे?

वेल्डिंगवाला
दिवाळीनंतर खड्डे, माघात सांगाडा, होळीच्या आत पत्रे, आणि आखाजीला शेड पूर्ण. हा क्रम मोडून वैशाखात सांगाडा उभा करायला घेतला, तर दुपारी लोखंडावर हात ठेवता येत नाही, कारागीर चढत नाहीत, आणि वादळ येते तेव्हा कैच्या ब्रेसिंगशिवाय उभ्या असतात. शेडच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ तोच. पहिल्या दोन कैच्या उभ्या झाल्या की त्यांच्यातले तिरपे रॉड त्याच दिवशी आवळायचे, मग तिसरी उचलायची. अर्धवट सोडून कोणी जेवायलाही जाऊ नये. वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोरी बांधलेली असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही, तुम्हीही करू देऊ नका.

रेखाचित्र
क्रम योग्य आहे. त्यात भर एवढीच की, उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी द्यावे आणि पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरावी, म्हणून पाया आणि सांगाडा यांत महिनाभर जाऊ द्यावा. फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना लोखंडी पट्टीचा साचा वापरावा, सर्व खांबांचे कर्ण मापून मगच काँक्रीट ओतावे, आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळावे. भोके जुळली नाहीत म्हणून बेस प्लेट गॅसने कापून मोठी केलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. असे करू देऊ नये. पायाने धरलेली ओढ तिथेच सुटते.

पायथा
बोल्टवर एक नट की दोन? पहिल्या दरपत्रकात एकच आहे.

रेखाचित्र
वर दोन, दुसरा पहिल्याला कुलूप म्हणून. प्लेटखाली समपातळीसाठी आणखी एक. उरलेल्या फटीत न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा, भरून घ्या, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्या.